चार म्हाताऱ्यांचे सात डोळे

संत्रा मार्केटात जिंदगी काढली की माणसाजवळ शेवटी किस्सेच उरतात. ढिगाच्या तळाशी दबलेल्या संत्र्यासारखे. वरचा माल विकल्या जाते, तळचा तिथंच पडून राहते, अन् वास सुटला की मालूम पडते, अरे, हा अजून आहेच! गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्या बाकड्यावर जे साचले ते सगळे डोळ्यांचेच किस्से आहेत. म्हाताऱ्यांच्या बाकड्यावर दुसरं काय साचणार? पोरी साचतील?

आम्ही चार जणं. शेठ, म्हणजे अडत्या, ज्याच्या दुकानावर मी जन्मभर संत्रा निवडला. मोतीराम, जो तिथंच पेट्या भरायचा. तो कामठीहून ऑटोत कोंबून येते. गुलाबराव, नरखेडकडचा बागवाला, माल घेऊन यायचा तो आता पोराकडं नागपुरातच राहते. अन् चौथा मी, सुकदेव.

चौघांचे मिळून डोळे सात. आठवा माझा. दहा वर्षांचा होतो, गिल्ली-दांडू खेळताना गिल्ली लागली, डावा गेला. उरलेल्या उजव्यावर शाळा सोडली, लग्न केलं, लाखो संत्रे निवडले. त्या उजव्यालेही म्हातारपणी मोतीबिंदूनं धरलं. दोन डोळेवाल्याचा एक बिघडला तर दुसरा असते. माझा हा गेला तर खेळ खलास! बाकी किस्से तुम्ही हसून ऐका, पण एवढं ध्यानात ठेवा.

*

सुरुवात कशी झाली ते सांगतो. मले कळलीच नाही, अशी झाली.

माझं काम साधं. गाडीतून माल उतरला की ढीग लावायचे. मोठा, मधला, बारका. रंग फिरलेला एका बाजूले, हिरवा दुसऱ्या बाजूले. हर्रासात लोक ढीग पाहून बोली लावतात. पिवळ्या ढिगात हिरवा निघाला तर शेठची इज्जत जाते.

त्या वर्षी अंबिया बहाराचा माल आला तो सगळा पिवळाधम्मक. मी शेठले म्हटलं, "यंदा रंग लवकर फिरला." शेठ खूश. एकच मोठा ढीग लावला.

हर्रासाले बाहेरगावचा व्यापारी आला. त्यानं ढिगातला एक संत्रा उचलला, फिरवून पाहिला, अन् मले विचारते, "काकाजी, इतना हरा? ये संतरा है कि मोसंबी?"

माझं डोकं फिरलं. शेठले म्हटलं, "तुमची ही पिवळी ताडपत्री! तिच्याखाली भोपळाही संत्रा दिसते. आधी ती बदला."

शेठनं ऐकलं. दुसऱ्या दिवशी मी परत निवडायले बसलो. परत सगळं पिवळं. मले राग आला. तिथूनच ओरडलो, "शेठ, काल सांगितलं होतं ना? नवी ताडपत्री केव्हा लावता?"

शेठ जवळ आला. वर पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. हळूच म्हणाला, "सुकदेव, तुझ्या डोक्यावरच आहे. निळी आहे."

*

मोतीरामचं तर उलटंच झालं. तो सातवी शिकलेला, म्हणून बाकड्यावर पेपर तोच वाचते. जाड भिंगाचा चष्मा. एक दिवस आला तो चष्मा खिशात! पेपर उघडला अन् बारीक अक्षरातल्या जाहिरातीही धडाधड वाचून दाखवल्या.

"काय खाल्लं बे?" गुलाबरावनं विचारलं.

"काही नाही गा. आपोआप आली नजर. देवाची मेहेरबानी."

दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आला. सगळ्या दुकानांत वाटले. सत्तरीत नजर परत आली म्हटल्यावर लोक त्याच्या पाया पडायचे बाकी होते. दुरून ऑटोचा नंबर मात्र त्याले वाचता येईना, पण तो म्हणे, "ते ऑटोवालेच नंबर बरोबर टाकत नाहीत."

उरलेला पुडा घेऊन तो डोळ्यांच्या डॉक्टरणीकडं गेला. चष्मा सुटला हे तिले सांगायले. तिनं तपासलं, एक पेढा घेतला, खाल्ला, अन् म्हणाली, "काका, मोतीबिंदू सुरू होताना काही लोकांना जवळचं असं दिसायला लागतं. थोडे दिवस. पेढे छान आहेत, पण हे मोतीबिंदू झाल्याचे पेढे आहेत."

मोतीराम बाहेर येऊन म्हणते, "आधी सांगितलं असतं तर पावशेरच आणले असते!"

*

पेढे विरले तसं त्याचं जवळचंही गेलं. अन् नवीन खूळ सुरू झालं, एकाचे दोन दिसायचं. पेटी भरताना मोतीरामची रीत अशी की एका हातात तीन, दुसऱ्या हातात दोन, पाच-पाच संत्रे मोजत थर लावायचा. हाताची सवय म्हणून पेटी बरोबर भरे. पण घरी हाताची सवय काय कामाची?

त्याच्या बायकोची संकष्टी असते. दिवसभर उपाशी. चांद निघाल्याशिवाय जेवत नाही. त्या दिवशी गुडघे धरले होते, म्हणून तिनं मोतीरामले वर गच्चीवर पाठवलं. "अजी, पाहून या बरं, निघाला का."

मोतीराम वर गेला. बराच वेळ खाली येईना. तिनं खालून आवाज दिला, "निघाला का नाही?"

"निघाला वं!"

"मग सांगत काहून नाही?"

वरून मोतीराम म्हणते, "दोन निघालेत. तुझा कोणता?"

*

गुलाबरावची गोष्ट वेगळी. त्याले दोन्ही डोळ्यांत होता अन् मालूमही होता. पण तो बागवाला. बागवाल्याले एकच कायदा शिकवलेला असते, पिकल्याशिवाय तोडायचं नाही!

"मोतीबिंदू पिकू द्यावा लागते," तो सांगे. "माझ्या बापाचा पिकला तेव्हाच काढला. कच्चं तोडलं की फळही जाते अन् झाडही."

तीन वर्षं त्यानं तो मोतीबिंदू राखला. जसा काही मृगाचा बहार धरला होता! कोणी विचारलं तर म्हणे, "अजून हिरवा आहे."

एका पावसाळ्यात तो गावाकडं गेला, अन् औषध फवारायले पंप पाठीले लावून स्वतःच बागेत घुसला. पोरानं नाही म्हटलं, ऐकलं नाही. दुपारपर्यंत ओळीच्या ओळी फवारल्या. लय मेहनत घेतली. धुऱ्यावर, दोन बागांमधल्या बांधावर, शेजारी उभा होता. पाहून राहिला होता. शेवटचं झाड झालं तेव्हा घाम पुसत गुलाबराव त्याले म्हणाला, "काय गा, तू काहून उभा आहे सकाळपासून?"

शेजारी म्हणाला, "तुझ्यासाठी चहा ठेवला आहे. माझी सगळी बाग फवारून दिली, एवढं तर करावंच लागते!"

मग गेला डॉक्टरणीकडं. तिनं विचारलं, इतके दिवस काहून थांबले? यानं पिकायची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "बाबा, ते जुन्या काळी होतं. आता पिकायची वाट पाहत नाहीत. उलट जास्त पिकला की कडक होतो, काढायला त्रास देतो. तुमचा संत्रा देठावर वाळून गेलाय."

गुलाबराव बाकड्यावर येऊन एवढंच म्हणाला, "पोरगी बागवाल्याची दिसते."

*

त्याच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्याचं महिन्या-दीड महिन्यानं होतं. तेवढे दिवस गुलाबराव म्हणजे मार्केटातली जत्रा. एका डोळ्यात नवीन भिंग, दुसऱ्यात जुना मोतीबिंदू. नव्यानं पाहिलं की आभाळ निळं, सदरा पांढरा. जुन्यानं पाहिलं की आभाळ चहासारखं अन् तोच सदरा चार दिवस वापरल्यासारखा.

"हे पाहा," म्हणून तो एक संत्रा हातात धरे. डावा डोळा मिटे. "हिरवा!" मग उजवा मिटे. "पिवळा!" हमाल लोक काम सोडून पाहत उभे राहायचे. एकच फळ, एकच माणूस, दोन जबाब! मी मात्र हसलो नाही. मले तेव्हा समजलं की माझ्या एका डोळ्यानं मी किती दिवसांपासून पिवळा जबाब देऊन राहिलो होतो, अन् खोटं पाडायले माझ्याजवळ दुसरा डोळाही नव्हता.

शेठ हे सगळं गुपचूप पाहून राहिला होता. त्याचे दोन्ही डोळे कधीचे करून झाले आहेत. धंद्याचा माणूस. उठून गुलाबरावच्या खांद्यावर हात ठेवला अन् म्हणाला, "गुलाबराव, दुसरं ऑपरेशन राहू द्या. माझ्या दुकानावर नोकरीले या. माल घेताना नवा डोळा उघडायचा, विकताना जुना!"

*

शेवटी मलेही धरून नेलं. मी जाणार नव्हतो. मोतीराम अन् गुलाबराव दोघांनी दोन बाजूंनी दंड पकडले, जसं काही मी चोरी केली.

भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. मी म्हटलं, मले वाचता येत नाही. म्हणजे येते, पण कोणी वाचायले लावलं की येत नाही. मग तिनं दुसरा तक्ता लावला. तीन दातांच्या फणीसारख्या खुणा. दात कोणत्या बाजूले आहेत ते बोटानं दाखवायचं. मी दाखवत गेलो. वर, खाली, डावीकडं. खालच्या ओळींत फण्याच नव्हत्या, पांढरी भिंत होती. मी तरी बोट फिरवत राहिलो. ती नुसती कागदावर लिहीत राहिली. डॉक्टर बोलला नाही की समजून घ्यायचं.

तपासून झाल्यावर मी म्हटलं, "बाई, एकच आहे. हमी लिहून द्या."

"नाही देणार काका. हे ऑपरेशन बहुतेक वेळा चांगलं होतं. पण कधीकधी नाही होत. तुमचा एकच डोळा आहे, म्हणून मी तुम्हाला गोड बोलून टेबलावर नेणार नाही."

"अन् नाही केलं तर?"

"आज घाई नाही. पण हा असाच धुरकट होत जाणार, अन् चष्म्यानं सुधरणार नाही. थेंबानं विरघळणार नाही, मधानं नाही, कांद्याच्या रसानं तर नाहीच. किती दिसलं की तुमचं भागतं, ते तुम्ही ठरवा. मी नाही ठरवू शकत."

आजपर्यंत डॉक्टर लोकांनी हुकूम सोडले. हिनं माझ्याच डोक्यावर टाकलं. मले तिचा लय राग आला. हुकूम असता तर शिव्या तरी देता आल्या असत्या.

बाकड्यावर पंचायत बसली. गुलाबराव म्हणे, "करून टाक." मोतीरामले स्वतःचं करायची हिंमत नव्हती. तो म्हणे, "नको गा. अर्धं तर अर्धं, दिसून तर राहिलं." मग शेठकडं पाहिलं. शेठनं विचार केला अन् मोठ्या समजदारीनं म्हणाला, "असं कर सुकदेव. आधी एका डोळ्याचं करून पाहा. जमलं तर मग दुसऱ्याचं."

मोतीरामनं पेपर तोंडापुढं धरला.

मी म्हटलं, "शेठ, दुसरा कुठून आणू?"

शेठ माझ्याकडं पाहतच राहिला. मग म्हणाला, "अरे हो!"

जिंदगीभर माझ्या नजरेवर माल विकला, अन् हा माणूस विसरलाच होता की मी काणा आहे! माझ्या कामाले याच्यापेक्षा मोठं सर्टिफिकेट कोणी दिलं नाही.

*

पंचायतीनं काही ठरत नाही. मी तसाच राहिलो. सहा महिने राहिलो. थकून गेलो होतो. समोरून गाडी आली की तिच्या दिव्याची चकरी व्हायची अन् रस्ता गायब. ओळखीचा माणूस आवाजावरून ओळखायचा. माझी बायको शांता ताटात भात वाढे, तो पांढऱ्या ताटात मले दिसत नसे, म्हणून ती आधीच वरण कालवून द्यायले लागली. सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आमच्या घरी असंच आहे, जे विचारलं नाही ते झालं नाही.

एक दिवस मार्केटातून आलो तर घराच्या तिन्ही पायऱ्यांच्या कडेले लालभडक पट्टे. ऑइल पेंटचे. हात लावला, ओले.

"हे काय केलं वं?"

"पायऱ्या रंगवल्या."

"काहून?"

"दिवाळी आहे."

"दिवाळीले चार महिने आहेत!"

"मंग आधी केली," ती म्हणाली. "अन् पाय पाहून ठेवा, ओला आहे रंग."

मी पाय पाहून ठेवला. लाल पट्टा बरोबर दिसला. त्या दिवशी कितीतरी दिवसांनी मी पायरी न चाचपता चढलो. वर आल्यावर तिच्या हाताले लाल रंग लागलेला दिसला, कोपरापर्यंत. सत्तरीची बाई, गुडघे धरलेले, खाली बसून तीन पायऱ्या रंगवल्या. मले एवढा राग आला की जेवलोच नाही.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन तारीख घेतली. मोतीरामनं विचारलं, "अचानक कसं काय?"

म्हटलं, "नाही तर ती म्हातारी सगळं घर लाल करून टाकीन."

*

ऑपरेशनचं काही सांगण्यासारखं नाही. थेंब टाकून डोळा बधिर केला. जागाच होतो. रंगीत उजेड पोहत होता, अन् डॉक्टरीण मधूनमधून "छान काका, हलू नका" म्हणून राहिली होती. हलायची माझी हिंमत होती का? सुई नाही, दुखणं नाही. भेव मात्र पोटभर.

पण मग पट्टी बांधली. उद्या सकाळी काढू, म्हणाली. लोकांचा एक डोळा झाकला की दुसरा असते. माझी दुनियाच बंद झाली. दुपारपासून घरी खाटेवर बसलो. पाण्याचा गिलासही शांतानं हातात द्यायचा. तेव्हा मनात आलं, उद्याही असंच असलं तर? परवाही? मले वाटलं तेवढी हिंमत माझ्यात नव्हती. हे मी आजच सांगून राहिलो, आधी कोणाले सांगितलं नाही.

चार वाजता गुलाबराव येऊन गेला. शेठ येऊन गेला. मोतीरामचा पत्ता नाही. मले आधार पाहिजे होता, तर मले राग आला. माझं असंच आहे. मी शांताले म्हटलं, "पाहिलं का, मोत्या आला नाही! पन्नास वर्षांची दोस्ती. भेकड आहे. स्वतःचा डोळा करायले भेते, अन् माझ्या डोळ्याचं काही झालं तर काय बोलावं म्हणून लपून बसला. पेढे वाटते भैताड! दोन-दोन चांद पाहते! असा दोस्त असण्यापेक्षा—"

शांतानं माझा हात दाबला. मी पुढं चालूच. त्याचा बाप काढला, त्याची कामठी काढली. शेवटी दमलो, थांबलो.

माझ्याच खाटेच्या पायथ्याकडून आवाज आला, "चालू दे गा. तासभरापासून बसलो आहे. बोलायची हिंमत होत नव्हती, आता जरा बरं वाटून राहिलं."

*

आता शेवटचा. हा मी बाकड्यावर सांगत नाही, तिघंही दारात उभे होते, त्यांनी पाहिलेला आहे.

सकाळी दवाखान्यात नेलं. मले खुर्चीवर बसवलं. शांता समोरच्या स्टुलावर बसली, हे तिच्या पिशवीच्या आवाजावरून समजलं. डबा आणला होता तिनं. काहून आणला, तिलेच मालूम. घरापासून तिथपर्यंत तिनं माझा हात सोडला नव्हता. मीही नाही.

डॉक्टरणीनं चिकटपट्टी ओढली. कापूस काढला. डोळा औषधाच्या पाण्यानं पुसला. "हळूच उघडा," म्हणाली.

मी उघडला नाही. ती परत म्हणाली. मी म्हटलं, "थांबा." ती थांबली. दारातून मोतीरामचं नाक ओढणं ऐकू आलं. कोणीतरी त्याले गप्प केलं.

मग उघडला.

आधी नुसतं पाणी. मग उजेड. मग भिंत आली, अन् ती पांढरी होती. पांढरी म्हणजे किती पांढरी असते ते मी विसरलो होतो. मग खिडकी आली. मग समोरचं स्टूल.

"काका," डॉक्टरीण वाकून विचारते, "काय दिसतंय? सांगा."

मी समोरच पाहत होतो. ती परत विचारते, "काका? काही दिसतंय का?"

मी म्हटलं, "समोर एक म्हातारी डोळे गच्च मिटून बसली आहे. आधी तिच्या डोळ्यांत ड्रॉप टाका!"

दारातले तिघं हसले. डॉक्टरीणही हसली. शांता हसली नाही. पिशवी छातीशी धरून तशीच बसून राहिली. अन् मग तिनं डोळा उघडला. एकच. उजवा. माझा आहे तोच.